मतदार यादीतलं नाव कसं तपासावं, कसं दुरुस्त करावं: इंदूरच्या मराठी घरांसाठी

मतदार कार्ड कपाटात जपून ठेवलेलं असतं, म्हणून यादीत आपलं नाव असणारच असं आपण धरून चालतो. पण मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. कार्ड फक्त ओळख पटवतं. लोकसभा-विधानसभेच्या वेळी उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पार पडेपर्यंत कायद्याने यादीत नाव घालता येत नाही आणि काढताही येत नाही. त्यामुळे हे काम निवडणुकीची गडबड नसतानाच उरकून घ्यावं.

आधी नाव शोधा

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर कार्डावरचा ईपिक नंबर टाकून शोधा. नावाने शोधायला गेलात तर अडकाल, कारण इथल्या याद्या हिंदीत असतात. त्यात काळ्यांचे काले होतात आणि गोळ्यांचे गोले. नंबर नसेल तर नाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. नेट जमत नसेल तर १९५० वर फोन करा किंवा आपल्या बूथच्या बीएलओला, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, गाठा.

नाव सापडलं की तिथेच थांबू नका. आपल्या भाग क्रमांकाची, म्हणजे आपल्या बूथची, पूर्ण यादी डाउनलोड करून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाची चौकट वाचा: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मकान संख्या, वय, लिंग. पतीच्या जागी ‘पिता’ छापलेलं असतं, घर क्रमांक शेजारच्या गल्लीतला असतो. शेवटची पुरवणी यादी तर जरूर पाहा. वगळलेली नावं तिथे असतात आणि नावाशेजारी इंग्रजी अक्षरात कारण दिलेलं असतं: ई म्हणजे मृत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार. जित्याजागत्या माणसापुढे ई दिसला तर त्याच दिवशी हालचाल करा.

मग योग्य फॉर्म

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नाव यादीत कधीच नव्हतं तर फॉर्म ६. नाव वगळायचं किंवा कुणाच्या नावाला हरकत घ्यायची तर फॉर्म ७. नाव आहे पण चुकलं आहे, पत्ता बदलला आहे किंवा कार्ड हरवलं आहे, तर फॉर्म ८.

राजेंद्रनगरातून दुसऱ्या वसाहतीत राहायला गेलात तरी फॉर्म ८ च, आणि मुलगा नोकरीसाठी पुण्याला स्थायिक झाला तरी त्याने तिथे भरायचा तोही फॉर्म ८ च. अनेकजण नव्या गावी फॉर्म ६ भरून मोकळे होतात आणि नाव दोन ठिकाणी राहतं. तसं राहणं कायद्याला मान्य नाही. शिवाय अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

लग्न होऊन आलेल्या बायकांच्या नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे आडनाव बदलतं, काही घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. मग आधार एका नावाने, यादी दुसऱ्या नावाने. लग्नाचा दाखला आणि नव्या नावाचा एक सरकारी कागद जोडून फॉर्म ८ भरा. हे दुखणं जुनं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या, कारण स्वतःचं नाव न सांगता त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. ज्या राज्यांत हे जास्त घडलं, त्यांत मध्य भारत होतं, आणि इंदूर तेव्हा मध्य भारतातच होतं. आजही आई-आजीच्या चौकटीकडे घरात सगळ्यात शेवटी लक्ष जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

अर्ज दिल्यावर

संदर्भ क्रमांक लिहून ठेवा आणि अर्ज कुठवर आला ते बघत राहा. बीएलओ चौकशीला आले तर घरी कुणीतरी असू द्या. अर्ज फेटाळला गेला तर निर्णयापासून १५ दिवसांत कलेक्टरांकडे अपील करता येतं आणि तिथेही नाही जमलं तर ३० दिवसांत भोपाळला मुख्य निर्वाचन पदाधिकाऱ्यांकडे. नाव वगळण्याआधी म्हणणं मांडायची संधी मिळणं हा तुमचा हक्क आहे. ती मिळाली नसेल तर अपिलात तेच पहिलं लिहा.

निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीची यादी राज्य निर्वाचन आयोगाची असते. ती वेगळी तपासावी लागते.

एवढी धावपळ नागरिकानेच का करायची?

दहावीच्या मार्कशीटवर जन्मतारीख असते, आधार असतं, जन्माची नोंद सरकारदरबारीच असते. तरीही १८ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीलाच अर्ज घेऊन जावं लागतं. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा झाल्या आणि १७ व्या वर्षीच आगाऊ अर्ज देता येतो. सोय चांगली आहे, पण पुढाकार अजून मुलीचाच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात २०१६ पासून ड्रायव्हिंग लायसन्सच्या नोंदींवरून मतदारनोंदणी आपोआप होते. जर्मनीत राहत्या पत्त्याची सरकारी नोंद असते, मतदार यादी तिच्यावरूनच तयार होते. आपल्याकडेही २०२३ च्या दुरुस्तीने जन्म-मृत्यूच्या नोंदी मतदार यादीसाठी वापरायची वाट कायद्याने मोकळी केली आहे.

माझं म्हणणं असं: १८ पूर्ण होताच नाव यंत्रणेने स्वतः जोडावं आणि घरी कळवावं, हरकत असेल तर सांगायला मुदत द्यावी. नाव वगळताना मात्र संगणकाच्या जुळणीवर विसंबू नये. तेलंगणात २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत असंख्य लोकांना बूथवर गेल्यावर कळलं की नाव यादीत नाही. तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागितली, पण गेलेलं मत परत आलं नाही. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष पुनरीक्षणात, म्हणजे याद्यांच्या फेरतपासणीत, सुमारे ६५ लाख नावं प्रारूप (कच्च्या) यादीत आली नाहीत, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती नावं कारणांसह जाहीर करायला लावली. तसाच नियम कायमचा हवा: वगळलेलं प्रत्येक नाव, कारणासह, बूथच्या दारावर, आणि तेही त्या घरी लेखी नोटीस पोचल्यावरच.