घरगुती ट्यूब लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर: आधी वीजपुरवठा

लिनिअर म्हणजे रेडिओ ट्रान्समीटरच्या सिग्नलची शक्ती वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर. ८११-ए ट्यूब ग्राउंडेड ग्रिड पद्धतीने (ग्रिड अर्थला जोडून सिग्नल फिलामेंटला देऊन) जोडल्यास प्लेटवरील १२५० व्होल्टपर्यंत वेगळे बायस (ग्रिडला द्यावे लागणारे स्थिर ऋण व्होल्टेज) लागत नाही, म्हणून पहिल्या लिनिअरसाठी मी तीच सुचवीन. खरी काळजी वीजपुरवठ्यात घ्यावी. १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे चार कपॅसिटर एकसर जोडून प्रत्येकाला समांतर १०० किलोओहमचा, ३ वॅटचा रोधक लावावा. त्यामुळे व्होल्टेज चौघांत जवळपास सारखे विभागले जाते आणि वीज बंद केल्यावर साठलेला विद्युतभार साधारण ५० सेकंदांत उतरतो. तरीही केवळ रोधकांवर विसंबू नये (एखादा निकामी झाल्याचे बाहेरून कळत नाही). प्लग काढून, थांबून, मीटरने तपासूनच आत हात घालावा. ठाण्यात, विशेषतः खाडीलगत, पावसाळ्यात इन्सुलेटरवर ओल धरते. अ‍ॅम्प्लिफायर सुरू करण्यापूर्वी ते कोरडे पुसून घ्यावेत.