थाई शिकायला सत्रभर जाताय? ओळखीतून होणाऱ्या या चुका टाळा

थायलंडमध्ये एक सत्र शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला सुरुवातीला थाई फारच घरची वाटते. विमानतळ सुवर्णभूमी, शिक्षक म्हणजे 'आचान' (आचार्य), जेवण म्हणजे 'आहान' (आहार). पुढे बाजारात तोंड उघडलं की समोरचा नुसता हसतो. बहुतेक चुका या ओळखीच्याच पोटातून निघतात.

संस्कृत शब्द संस्कृतसारखा म्हणणे. टॅक्सीवाल्याला 'सुवर्णभूमी' कळेलच असं नाही; तो म्हणतो 'सुवन्नफूम'. स्पेलिंगमध्ये संस्कृत जपलेलं असतं, उच्चार मात्र थाई नियमाने होतो. अशा शब्दांत ग, ज, द, ब या जागी अनुक्रमे ख, छ, थ, फ ऐकू येतात. शेवटच्या र-ल चा न होतो, स-ज चा त होतो. म्हणून नगर 'नखोन', राज 'रात', गुरु 'ख्रू'. अर्थही सरकतो: 'महाविथ्थयालाय' म्हणजे महाविद्यालय नव्हे, विद्यापीठ. ऐकताना संस्कृत आठवा, बोलताना विसरा.

रोमन लिपीत टिपणं काढणे. इथे देवनागरी खरंच वरचढ आहे, कारण क-ख, त-थ, प-फ, च-छ हे भेद थाईत अर्थ बदलतात आणि आपल्या कानाला ते आधीच कळतात. दोनच पथ्यं. 'फूकेत'मधला फ दोन्ही ओठ मिटून काढा. आजकाल 'फोन' म्हणताना दात खालच्या ओठाला लावतो तसा नको. आणि च चंद्रातला, चाकातला नव्हे.

सूर आणि लांबी न लिहिणे. देवनागरी इथे हात टेकते. थाईत पाच सूर आहेत: सम, खालचा, उतरता, वरचा, चढता. 'क्लाय' समसुरात म्हणजे दूर, उतरत्या सुरात जवळ. रस्ता विचारताना याहून वाईट जोडी मिळणार नाही. 'सुआय' चढत्या सुरात सुंदर, समसुरात फुटक्या नशिबाचा. वहीत प्रत्येक शब्दावर पहिल्या दिवसापासून सुराची रेघ काढा (→ ↘ ↗ अशी, जमेल तशी). 'सूर नंतर बसवू' म्हणणाऱ्याला तीन महिन्यांनी सगळा शब्दसंग्रह पुन्हा पाठ करावा लागतो.

मराठी माणसाची खास अडचण प्रश्नाची. आपण 'जवळ आहे?' म्हणताना शेवट वर नेतो. थाईत तसं केलं की शेवटच्या शब्दाचा सूर बिघडतो आणि शब्दच बदलतो. वाक्य सरळ ठेवा आणि शेवटी 'माय' हा प्रश्नदर्शक शब्द जोडा.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. मराठी बोलण्यात इ-ई, उ-ऊ यांची लांबी आपण फार मनावर घेत नाही. थाईत 'खुन' (मूळ गुण) म्हणजे 'तुम्ही', तर 'खून' म्हणजे गुणाकार करणे. सूर दोन्हींचा एकच, फरक फक्त लांबीचा. आपल्या खुनाशी मात्र दोन्हींचा संबंध नाही.

लिपी क-ख-ग क्रमाने शिकणे. थाई वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच असल्याने हा मोह होतो. पण 44 व्यंजनांचे (दोन आता वापरात नाहीत) तीन वर्ग आहेत: मध्य 9, उच्च 11, निम्न 24. सूर या वर्गावर ठरतो. मध्य वर्गावर पहिली सूरखूण दिली की खालचा सूर, दुसरी दिली की उतरता. निम्न वर्गावर मात्र तीच पहिली खूण उतरता सूर देते आणि दुसरी वरचा. क्रमाने शिकलात तर पहिल्याच ओळीत तिन्ही वर्ग एकत्र येतात आणि गोंधळ पक्का होतो. आधी मध्य वर्ग घ्या. त्यातल्या सात नेहमीच्या अक्षरांसाठी थाई मुलंही एक वाक्य घोकतात: 'काय चिक देक ताय बोन पाक ओंग', म्हणजे रांजणाच्या तोंडावर कोंबडीने टोचून पोर मारलं. विचित्र आहे, म्हणूनच लक्षात राहतं.

शिक्षिकेचं बोलणं जसंच्या तसं उचलणे. वाक्याच्या शेवटी अदबीसाठी पुरुष 'ख्रप' म्हणतात, बायका 'खा'. मुलींनी आणखी एक सांभाळायचं: विधानात 'खा' उतरता, प्रश्नात वरचा. बँकॉकमध्ये 'ख्रप'चा 'खप' ऐकू येतो आणि 'अराय'चा (काय) 'अलाय'. कान बिघडला असं समजू नका.

सगळ्यांना नमस्कार करणे. 'वाय' दिसतो नमस्कारासारखा, पण तो धाकट्याने थोरल्याला आधी करायचा असतो. दुकानदाराने केला तर मान झुकवून हसलं की पुरे. शिक्षकांपुढे हात थोडे वर, अंगठे नाकाच्या शेंड्यापाशी. त्यांना हाक मारताना 'आचान' आणि पुढे पहिलं नाव. आडनावाने कोणी बोलावत नाही. वरच्या वर्गातल्या मुलामुलींना 'फी' म्हणा, दादा आणि ताई दोघांनाही तेच चालतं.

घड्याळ आणि सन. बोलीत संध्याकाळी सातपासून पुन्हा एकपासून मोजतात. 'साम थुम' म्हणजे रात्रीचे नऊ, तीन नव्हे. अर्जावरचं वर्ष बौद्ध संवताचं असतं. 543 वजा करा. 2569 म्हणजे 2026.

'शाकाहारी' एवढंच सांगून थांबणे. 'मांगसविरात' (मांसविरती) म्हटल्यावर मांस जातं, पण माशाचा सॉस बऱ्याचदा राहतोच. 'माय साय नाम प्ला' (हा 'माय' प्रश्नाचा नव्हे, नकाराचा), म्हणजे माशाचा सॉस घालू नका, हे वेगळं सांगा. अंडंही नको असेल तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत 'चे' लिहिलेली गाडी शोधा. ती अक्षरं लिपी न येणाऱ्याला इंग्रजी 17 सारखी दिसतात. तिथे दूध, कांदा, लसूणही नसतो, त्यामुळे जैन विद्यार्थ्यांचीही बरीचशी सोय होते.