मालवाहू विमानाचा पायलट व्हायचंय? आधी झोपेचं बघा

'कार्गो उडवायला वेगळं लायसन्स लागतं का?' हा प्रश्न मला हमखास येतो. नाही लागत. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचे (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) पेपर, 200 तासांचं उड्डाण, सीपीएल म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, मग टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमान उडवायची परवानगी. प्रवासी विमानाची वाट तीच आपली. फक्त फ्लाइंग स्कूलची फी भरण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. पैसे भरल्यावर डोळ्यांचा किंवा कानांचा दोष निघालेली मुलं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

खरा फरक झोपेत आहे. संध्याकाळी गोळा केलेलं कुरिअर सकाळी दुसऱ्या शहरात हवं असतं, म्हणून आम्ही रात्री उडतो. रात्री 2 ते सकाळी 6 या वेळात शरीर सगळ्यात सुस्त असतं आणि नेमकं तेव्हाच आमचं लँडिंग असतं. पहिल्या वर्षी सलग तिसऱ्या रात्री जमिनीवरच्या कंट्रोलरने रेडिओवर सांगितलेली उंची मी परत म्हणून दाखवताना चुकीची सांगितली. कॅप्टननी तत्क्षणी सुधारलं, पण तो गारठा अजून अंगावर येतो. दिवसा झोपायचं म्हटलं तर कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन. आम्ही खोलीला जाड काळे पडदे लावले आणि घरच्यांना वेळा पाठ करायला लावल्या.

दुसरी गोष्ट मालाची. प्रवासी पट्टा लावून बसतो, पॅलेट (माल बांधलेली सपाट फळी) बसत नाही. 2013 मध्ये अफगाणिस्तानातल्या बगराममध्ये मालवाहू बोइंग 747 उडताच आतलं चिलखती वाहन सुटून मागे सरकलं. विमान कोसळलं, सातही जण गेले. 2010 मध्ये दुबईत ज्या 747 ला आग लागली, तिच्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. दोन्ही पायलट गेले. बऱ्याच मालवाहू विमानांत मुख्य डेकवर, म्हणजे माल ठेवायच्या मोठ्या मजल्यावर, आग विझवायची यंत्रणाच नसते. हवा बंद करून, केबिनचा दाब सोडून आगीचा ऑक्सिजन तोडायचा आणि जवळचा विमानतळ गाठायचा. म्हणून धोकादायक मालाचा कागद मी ओळ न् ओळ वाचतो. लोडिंगला उशीर झाला आणि कुणी घाई केली, तरी वाचतो.

मग यात आहे काय? रात्रीचं मोकळं आकाश. कंट्रोलर बऱ्याचदा सरळ वाट देतो. केबिनमधली भांडणं नाहीत, घोषणा नाहीत. एप्रिलमध्ये मागे हापूसच्या पेट्या असल्या की दार उघडताच घमघमाट सुटतो. एकदा कोंबडीची पिल्लं होती, विमान जमिनीवर धावपट्टीकडे नेताना त्यांची चिवचिव कॉकपिटपर्यंत येत होती. पावसाळ्यातल्या रात्री हाताने उतरवलेलं विमान खूप शिकवतं.

नोकऱ्या मात्र थोड्या. भारतात फक्त मालाची विमानं चालवणाऱ्या कंपन्या मोजक्या, ताफे लहान, त्यामुळे डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटसाठी वाट पाहावी लागते. सुरुवातीला कार्गोच हवं असा हट्ट धरू नका. मिळेल त्या विमानावर तास जमवा. पण अर्ज करण्याआधी पंधरा दिवस रात्री जागून, दिवसा झोपून बघा, आणि सातव्या-आठव्या दिवशी घरच्यांशी कसे बोलता ते त्यांनाच विचारा.