व्हायकिंगांबद्दल मुलांना सांगताय? मग निदान या चुका टाळा

गेली सात वर्षं मी शनिवारी दुपारी मुलांना इतिहासातल्या गोष्टी सांगते, आठ ते तेरा वयाची मुलं, आणि दरवर्षी एक महिना व्हायकिंगांचा असतोच कारण तो मुलंच मागून घेतात. हे ओळखीत माहीत झाल्यापासून आईबाबा, शिक्षक, मुलांसाठी लिहिणारी मंडळी आपापले प्रोजेक्ट, तक्ते, नाटुकल्या मला दाखवायला आणतात आणि दरवर्षी चुका त्याच. अगदी त्याच त्याच. प्रेमाने सांगून झालं, चिडून सांगून झालं, आता लिहूनच टाकते.

शिंगांचं आधी उरकते. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती. नॉर्वेत येर्मुंडबू इथे १९४३ साली दहाव्या शतकातलं एक शिरस्त्राण सापडलं, गोल लोखंडी टोप आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी, बस्स. शिंगं चिकटली ती १८७६ साली, जर्मनीत वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लर यांनी जे पोशाख केले तिथून. डेन्मार्कमध्ये वेक्सो इथे शिंगांची दोन शिरस्त्राणं खरोखर सापडलीयत, पण ती ब्राँझयुगातली, इसवीसनापूर्वी ९०० च्या आसपासची, म्हणजे व्हायकिंगांच्या जवळजवळ सतराशे वर्षं आधीची. तर पुठ्ठ्याची शिंगं कापायला घेतली असतील तर थांबा आणि त्याच पुठ्ठ्याची गोल ढाल करा. नॉर्वेत गोकस्टाड इथे सापडलेल्या व्हायकिंग जहाजाबरोबर ६४ ढाली सापडल्या, एका बाजूला ३२, दुसऱ्या बाजूला ३२, एकाआड एक काळी आणि पिवळी. मुलांना रंगवायला याहून छान काय पाहिजे?

दुसरं, व्हायकिंग हे त्या लोकांचं नाव नाही. ते लोक नॉर्स, आजच्या डेन्मार्क नॉर्वे स्वीडनमधले, आणि समुद्रावर लुटीला जाणं म्हणजे व्हायकिंगगिरीला जाणं, ते काम झालं. बहुतेक जण बारा महिने शेतकरी, बार्ली आणि राय पेरायची, गुरं सांभाळायची, हिवाळ्यासाठी मासे सुकवायचे. इंग्लंडच्या लिंडिसफार्न मठावर ७९३ साली हल्ला झाला तिथून १०६६ च्या स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईपर्यंत व्हायकिंग काळ धरतात, म्हणजे पावणेतीनशे वर्षं, आणि आपण त्या सगळ्याचं एकच चित्र काढतो ज्यात सगळे कुऱ्हाड घेऊन ओरडतायत.

यावरूनच माझं सगळ्यात मोठं दुखणं सांगते. एका उन्हाळी शिबिरात व्हायकिंगांवर नाटुकलं बसवत होते, मला फक्त बघून घ्या म्हणून बोलावलं होतं. चौदा मुलगे, चौदा कुऱ्हाडी, पुठ्ठ्याचं मोठं जहाज, आणि सहा मुली कोपऱ्यात उभ्या. मी विचारलं यांना काय काम, तर म्हणाले जहाज निघताना या हात हलवून टाटा करणार आणि नंतर परत आल्यावर स्वागत करणार. माझं डोकंच फिरलं. अहो ते जहाज चालणार कशावर? शिडावर. आणि शीड कशाचं? लोकरीचं! घोंगडीसारखं जाड लोकरीचं कापड, त्यातून वारा निसटू नये म्हणून वर चरबी आणि डांबर चोपडलेलं, आणि त्यातला एक एक धागा बायकांनी हाताने काढलेला. एक मोठं शीड तयार व्हायला जहाज बांधण्यापेक्षाही जास्त वेळ जायचा असा अभ्यासकांचा हिशोब आहे. मग टाटा कोणी कोणाला करायचा?

दुसऱ्या दिवशी मी घरून सहा टकळ्या आणि पिंजलेली लोकर घेऊन गेले. हो, आपली साधी टकळीच, त्यांचीही तशीच असायची, लाकडी काडी आणि खाली वजनाला दगडाची नाहीतर भाजलेल्या मातीची चकती. मुलगे मुली सगळ्यांना बसवलं. पहिली दहा मिनिटं नुसती तुटातूट, लोकर बोटांना चिकटते, टकळी आपटते, धागा एका जागी दोरखंडाएवढा आणि पुढे केसाएवढा. पाऊण तासाने ज्याचा सगळ्यात लांब धागा झाला तो आम्ही जमिनीवर पसरून बघितला, दारापासून खिडकीपर्यंत आला. मग त्यातला एक मुलगा, जो आदल्या दिवशी सगळ्यात जोरात ओरडत होता, तो हळूच म्हणाला, मावशी शिडाला असे किती लागतील? त्या प्रश्नासाठीच मी टकळ्या आणल्या होत्या. नाटुकल्याची सुरुवात बदलली, पडदा उघडतो तेव्हा एक मुलगी आणि एक आजी धागा काढतायत आणि तो तुटतो. आता मी जहाजाचा तास टकळीशिवाय घेतच नाही, कितीही घाई असू दे.

आणि टकळीची ती चकती किती बोलकी आहे बघा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये लान्स ओ मेडोज नावाची जागा आहे, १९६० साली हेल्गे आणि आन स्टीन इंगस्टाड या नॉर्वेजियन जोडप्याने ती शोधली. तिथे मऊ दगडाची अशी एक चकती सापडली आणि त्यावरून कळलं की अमेरिकेपर्यंत आलेल्या त्या माणसांत बायकाही होत्या. तिथल्या लाकडावरून २०२१ मध्ये हेही कळलं की झाडं तोडली गेली ती १०२१ साली. एरवी अमेरिकेची ही गोष्ट आपल्याला आइसलंडच्या सागांमधून, म्हणजे तिथल्या जुन्या लांबलचक कथांमधून कळते आणि सागा लिहिल्या गेल्या बऱ्याचशा तेराव्या शतकात, घटनेनंतर दोनअडीचशे वर्षांनी. म्हणून सागेत आहे म्हणजे तसंच घडलं असं मुलांना सांगू नका आणि सगळ्या थापा आहेत असंही नको, माझ्याकडे नियम असा की सागेतली गोष्ट सांगितली की त्याच तासाला मातीतून निघालेली एक वस्तू दाखवायचीच.

आता रून लिपी, म्हणजे व्हायकिंगांची अक्षरं. हा दुसरा नाजूक विषय कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलेय. तिसऱ्या वर्षी आम्ही लाकडी चकत्यांवर मुलांची नावं रून अक्षरांत कोरायचं ठरवलं. मदतीला आलेल्या एकाने नेटवरून तक्ता छापून आणला, चोवीस अक्षरं, प्रत्येकासमोर इंग्रजी अक्षर, सोप्पं. मी न तपासता वाटून टाकला. अठ्ठावीस चकत्या कोरून झाल्या, रंग भरला, दोरे ओवले. मग शेवटच्या दहा मिनिटांत मी मोबाईलवरची ब्लूटूथची खूण दाखवली, की हे बघा डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ, त्याच्या नावातला ह आणि ब ही दोन रून अक्षरं एकमेकांवर ठेवून ही खूण झालीय. सगळे खूश. आणि दहा वर्षांची एक मुलगी तक्ता घेऊन आली, म्हणाली मावशी, यातला ब माझ्या तक्त्यात आहे पण ह असा नाहीये. बरोबर होतं तिचं! तक्त्यातला ह दोन उभ्या दांड्यांचा, मध्ये तिरकी रेघ, आणि ब्लूटूथमधला ह एका दांडीवर फुली मारल्यासारखा. कारण आमचा तक्ता व्हायकिंगांचा नव्हताच, त्यांच्या आधीच्या काळातला होता. व्हायकिंग काळात अक्षरं चोवीसची सोळा झाली होती. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस चकत्या चुकीच्या, आणि मुलं त्या घालून घरीसुद्धा निघाली होती. पुढच्या शनिवारी सगळ्यांना पुन्हा बोलावून नव्या चकत्या केल्या.

सोळा अक्षरांत खरी मजा आहे आणि चोवीसच्या शॉर्टकटने तीच जाते. सोळांत ग नाही, क वापरायचा. द नाही, त वापरा. प नाही, ब वापरा. ए आणि ओ नाहीत, इ आणि उ वर भागवा. म्हणजे दीपकचा होतो तिबक आणि गोपाळचा होतो कुबाल. मुलं हसून हसून लोळतात, पण हे खरंच असंच चालायचं. डेन्मार्कमधल्या येलिंगचा मोठा शिलालेख याच हॅराल्डने ९६५ च्या सुमारास आईवडिलांच्या स्मरणार्थ उभा केला, त्यात राजाला शब्द आहे कोनुंग आणि दगडावर कोरलंय कुनुक. वाचणारा संदर्भावरून ओळखायचा, आपले आजोबा पत्रातली मोडी वाचायचे तसं. आणखी एक, रुनच्या रेघा उभ्या आणि तिरक्याच असतात, आडवी रेघ लाकडाच्या रेषेत हरवते ना, म्हणून. हे कागदावर पेनाने लिहून कधीच कळत नाही, खिळ्याने लाकडावर कोरा मग कळतं. तीन अक्षरांत हात दुखतो आणि मुलं आपणहून लांब नाव छोटं करतात.

आणि कृपा करून रून म्हणजे जादूची अक्षरं एवढंच सांगू नका. इंग्लंडच्या लिंकनमध्ये एका फणीच्या डबीवर कोरलंय, थोरफास्टने चांगली फणी केली. बस एवढंच. मला हे वाक्य कुठल्याही युद्धाच्या वर्णनापेक्षा जास्त आवडतं.

फणीवरून आठवलं, व्हायकिंग घाणेरडे होते हे कुठून येतं? फण्या तर त्यांच्या वस्त्यांमध्ये ढिगाने सापडतात. त्यांच्या भाषेत शनिवारचं नावच आंघोळीचा वार, डॅनिशमध्ये आजही लॉर्दाग म्हणतात ते त्यातूनच. तेराव्या शतकातला एक इंग्रज बखरकार तर तक्रार करतो की हे डेन लोक रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात आणि म्हणून आमच्या बायका त्यांच्यावर भाळतात. पण याच्या उलट बाजू पण सांगा, ती लपवू नका. बगदादहून निघालेला इब्न फदलान ९२२ साली व्होल्गा नदीवर रुस लोकांना, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या नॉर्स व्यापाऱ्यांना भेटला आणि त्याने लिहिलं की खजुराच्या झाडासारखी उंच, देखणी माणसं आहेत पण अस्वच्छ, एकाच पाण्याच्या भांड्यात सगळे तोंड धुतात, त्यातच नाक शिंकरतात आणि भांडं पुढच्याकडे देतात. वाहत्या पाण्याने हातपाय धुणाऱ्या माणसाला ते बघवलं नाही, आणि बादलीतून तांब्याने पाणी घेणाऱ्या आपल्या मुलांनाही ते लगेच समजतं. दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या की वर्गात जो वाद होतो तो अर्धा तास थांबत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणारं ते, व्हायकिंग भारतात आले होते वगैरे, ते मुलांपर्यंत अजिबात जाऊ देऊ नका. त्यामागची खरी वस्तू मात्र जरूर दाखवा. स्वीडनमधल्या हेल्गो बेटावर १९५० च्या दशकात बुद्धाची छोटीशी ब्राँझची मूर्ती सापडली, साधारण आठ सेंटीमीटर, कमळावर बसलेला बुद्ध, आजच्या पाकिस्तानातल्या स्वातच्या खोऱ्याकडची मानतात. ती हातोहाती, बाजारातून बाजारात गेली. नॉर्स व्यापारी रशियातल्या नद्यांवरून पूर्वेकडे जायचे आणि तिकडचं चांदी रेशीम घरी न्यायचे. मूर्ती तिकडे पोचली याचा अर्थ माणूस इकडे आला असा होत नाही, एवढं साधं आहे.

गुलामांबद्दल गप्प बसणं, ही मोठ्यांची चूक. मुलं लहान आहेत म्हणून लूट सांगतात, सोनं सांगतात आणि माणसं पळवून विकायचे हे गाळतात. अशा गुलामांना थ्राल म्हणायचे, आयर्लंडमधलं डब्लिन हा गुलामांचा मोठा बाजार होता. आइसलंडमध्ये वस्ती झाली तेव्हा तिथे आलेल्या बायकांमध्ये आयर्लंड स्कॉटलंडकडच्या पुष्कळ होत्या हे आजच्या आइसलंडच्या लोकांच्या डीएनएवरून दिसतं, आणि त्यातल्या कित्येकींना कोणी विचारून आणलं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलाला हे समजतं. मी सांगते तेव्हा वर्ग शांत होतो आणि तो शांत होऊ द्यावा.

बाकीचं भराभर. व्हायकिंग मेजवानीत बटाटा, टोमॅटो, मका नको, ते अमेरिकेतून कित्येक शतकांनी आले, बार्लीची भाकरी लोणी आणि सफरचंद ठेवा. कवटीतून दारू पीत नव्हते, जुन्या कवितेत पिण्याच्या शिंगाला डोक्याची वाकडी फांदी म्हटलंय, सतराव्या शतकातल्या भाषांतरात त्याची कवटी झाली. प्रत्येक जहाजाला ड्रॅगनचं तोंड काढू नका, मालवाहू क्नार जहाज रुंद आणि पोटाळ असायचं, डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डजवळ १९६२ मध्ये पाच जहाजं वर काढली त्यात लढाऊ आणि मालवाहू दोन्ही प्रकार बघायला मिळतात. वेन्सडे थर्सडे ही नावं व्हायकिंगांनी इंग्रजीला दिली नाहीत, ती अँग्लोसॅक्सन लोकांकडे आधीपासून होती. दिलं ते एग, नाइफ, स्काय आणि विंडो, विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा, आणि आपलं गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मुलांना फार आवडतं.

आणि ते खायचे काय याचा पुरावा विचारला तर यॉर्कमध्ये १९७२ साली सापडलेला शीचा लेंडका आहे, वीस सेंटीमीटर लांब, नवव्या शतकातला, म्युझियममध्ये काचेत ठेवलाय. त्यावरून कळलं की त्या माणसाने मांस आणि भाकरी खाल्ली होती आणि पोटात जंत होते, त्यांची अंडीसुद्धा सापडली. हे तासाच्या शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर पुढचं कोणी ऐकत नाही.