खासगी बँकिंगमधील इंटर्नशिप : आधी वही, मग योजना
नाशिकमध्ये खासगी बँकिंग विभागात, म्हणजे बँकेच्या श्रीमंत ग्राहकांची गुंतवणूक पाहणाऱ्या विभागात, इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याने ग्राहकासमोर माहितीपत्रके पसरण्याआधी त्याच्याकडे पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कोणत्या महिन्यात लागतो, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराची रक्कम साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हाती येते. एप्रिलमध्ये वेलींच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत आणि त्यानंतरही मजुरी व फवारणीचा खर्च मात्र थांबत नाही. त्यामुळे पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवा (ग्राहकाची गुंतवणूक व्यावसायिक व्यवस्थापक सांभाळतो ती सेवा), जिची बाजार नियामक सेबीने ठरवलेली किमान गुंतवणूक ५० लाख रुपये आहे, सुचवण्यापूर्वी छाटणीच्या खर्चाचा पैसा बाजूला काढला आहे ना, याची खात्री करावी. (माझ्या वहीत पहिले दोन आठवडे या खर्चाचा रकानाच नव्हता.) बँक बुडाल्यास मिळणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत प्रति ठेवीदार व्याजासह ५ लाख रुपयेच आहे, हेही ग्राहकाने न विचारता सांगावे.