कोळशाच्या शेगडीच्या भेगा घरच्या घरी कशा लिंपाव्यात

घरात गॅस असला तरी बांगडा भाजायचा म्हटलं की ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात काय किंवा बेलापूरजवळच्या दिवाळे गावात काय, कोळशाची शेगडी बाहेर निघते. पत्र्याच्या शेगडीचं आतलं मातीचं लिंपण वापरून भेगाळतं. मग आच थेट पत्र्याला लागते, पत्रा झिजतो आणि एखाद्या दिवशी निखारा खाली चटईवर पडतो.

लिंपण घरी करता येतं. मात्र खालचं राखेचं तोंड कधीही बुजवू नका. हवा तिथूनच आत जाते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त तयार होतो, आणि त्याला ना रंग, ना वास.

शेगडी पूर्ण गार झाल्यावर राख काढा, जाळी उचला. अंधारात आत मोबाइलचा टॉर्च ठेवा; बाहेरून उजेड दिसला तर पत्र्याला भोक पडलंय. अशी शेगडी लिंपत बसू नका, बदला. मग चमच्याच्या दांड्याने लिंपणावर हलकेच ठोका. जिथे बद्द आवाज येतो तिथली माती पत्र्यापासून सुटलेली असते, ती खरवडून काढा. बारीक भेगाही सुरीने थोड्या रुंद करा, नाहीतर नवी माती आत शिरत नाही, नुसती वर बसते.

मातीसाठी कुंभाराकडची चिकणमाती उत्तम. गणपतीची उरलेली कोरी शाडूही चालते, रंग लागलेली नको. नर्सरीतली खत मिसळलेली माती तर नकोच. दोन वाट्या मातीला एक वाटी बारीक वाळू आणि मूठभर भाताचं तूस घाला. नुसती माती वाळताना आकसते आणि पुन्हा फाटते. वाळू आणि तूस तिला आवरतात. कणकेसारखं घट्ट मळून ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवा. साधं सिमेंट या आचेला टिकत नाही, तडकतं. एम-सीलही इथे लावू नका, तापल्यावर जळून धूर होतो.

भेगेत आधी पाणी शिंपडा. कोरड्या जुन्या मातीने नव्या मातीतलं पाणी शोषलं तर दोन्ही एकजीव होत नाहीत. अंगठ्याने दाबून भरा, पोकळी राहू देऊ नका. भेग खोल असेल तर दोन थर द्या. वरून ओला हात फिरवा. सावलीत तीन-चार दिवस वाळू द्या; पावसाळ्यात आठवडाही लागतो. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ढलप्या उडतात. पहिली आग कागद आणि चिपाडांची, मंद. केसासारख्या चिरा दिसल्या तर गार झाल्यावर पातळ मातीचा हात द्या.

लिंपण कितीही पक्कं झालं तरी हा विषारी वायू वरच्या उघड्या तोंडातून येतोच. म्हणून शेगडी अंगणात, ओट्यावर पेटवा. स्लायडिंग लावून, एसी सुरू करून फ्लॅटमध्ये कदापि नको. जवळ बसून डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं तर सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि 108 ला फोन करा.

काम झाल्यावर शेगडीत पाणी ओतू नका, तापलेलं लिंपण फाटतं. निखारे चिमट्याने झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा, झाकण घट्ट लावा आणि डबा बाहेर ओट्यावरच राहू द्या. विझलेले कोळसे पुढच्या वेळी लवकर पेटतात.