क्लस्टरला फायरवॉल जोडा, पण टॅगने

ऐरोलीच्या ऑफिसातल्या मॉनिटरिंग सर्व्हरवर एका सकाळी आमच्या कुबरनेटिस क्लस्टरमधल्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या समूहातल्या, दोन नोडचे (सर्व्हरचे) आकडेच दिसेनात. कुणाला कुठल्या पोर्टवर आत येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या फायरवॉलला नोड मी एकेक करून, त्यांच्या आयडीने जोडले होते. रात्रीच्या अपग्रेडमध्ये नोड बदलले आणि नव्यांना माझा नियम लागलाच नाही. तेव्हापासून टॅगनेच, म्हणजे नोडवर लागलेल्या खुणेच्या नावानेच, जोडतो.

डिजिटलओशन या क्लाउड सेवेवर आधी तिच्या डॉक्टीएल (doctl) या कमांड-टूलमधली ‘डॉक्टीएल कुबरनेटिस क्लस्टर लिस्ट’ ही कमांड चालवून क्लस्टरचा आयडी घ्या. ‘के८एस’, कोलन आणि हा आयडी, असा टॅग प्रत्येक नोडला आपोआप लागतो, नव्यालाही. मग ‘डॉक्टीएल कॉम्प्युट फायरवॉल ॲड-टॅग्ज’, त्यापुढे फायरवॉलचा आयडी आणि ‘टॅग-नेम्स’ पर्यायात तो टॅग. झालं.

नियम ‘ॲड-रूल्स’ने घाला: प्रोटोकॉल टीसीपी, नोडचे आकडे देणाऱ्या नोड एक्स्पोर्टर या प्रोग्रामचा पोर्ट ९१००, आयपी पत्ता फक्त ऑफिसचा, शेवटी /३२, म्हणजे तेवढा एकच पत्ता. घाईतही ०.०.०.०/०, म्हणजे कुठलाही पत्ता, लिहू नका, पोर्ट साऱ्या जगाला उघडा पडतो.

क्लस्टरसोबत आपोआप बनलेल्या फायरवॉलला मात्र हात लावू नका. तिथले बदल पुसले जातात. स्वतःची वेगळी करा. दोन्हींचे नियम एकत्र धरले जातात, त्यामुळे एकीने उघडलेला पोर्ट दुसरीने बंद होत नाही. बंद करायचा असेल तर तो उघडणारा नियमच शोधून काढावा लागतो.